ब्रेकर पडतो, पण दोष सापडत नाही

वाचकांचे प्रश्न : वीज आणि यंत्रे

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच क्षणाभोवती फिरतात : ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, क्लोज होतो (लागतो) तो क्षण. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आणि हीच पत्रं सलग घेतली आहेत.

प्रश्न : मी सबस्टेशनमध्ये ऑपरेटर आहे. आमच्या २२० केव्ही, १०० एमव्हीए ट्रान्सफॉर्मरचं वार्षिक टेस्टिंग झालं, सगळे रिपोर्ट चांगले आले. नो-लोडवर (पुढे भार न जोडता) चार्ज केला, म्हणजे पुरवठ्याला जोडला, तर डिफरन्शियलवर (दोन्ही बाजूंच्या करंटची तुलना करणाऱ्या संरक्षणावर) ब्रेकर पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा घेतला तर राहिला आणि आजही चालू आहे. मधे आम्ही काहीही बदललं नव्हतं. मॅडम, आत काही दोष आहे का? आमचे वरिष्ठ म्हणतात, पुढच्या वेळी चार्ज करताना डिफरन्शियल ब्लॉक करून घेऊ.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच मला सगळ्यात जास्त खटकलं. डिफरन्शियल ब्लॉक करून ट्रान्सफॉर्मर चार्ज करू नका. टेस्टिंगसाठी जोडण्या सोडल्या, परत बांधल्या, अर्थिंग लावलं, काढलं, बुशिंगशी हाताळणी झाली. काही चुकलं असेल तर ते उघड होणार ते याच चार्जिंगला. नेमक्या त्या काही सेकंदांसाठी मुख्य संरक्षण काढून ठेवायचं, हे कुणीही सांगितलं तरी मान्य करू नका. मागे बुखोल्झ (टाकीतल्या तेलात तयार झालेला वायू ओळखणारं) आणि ओव्हरकरंट ही संरक्षणं असतात हे खरं, पण आतला मोठा फॉल्ट टाकी फाडायला तेवढ्या वेळाची वाट पाहत नाही.

आता दोषाचं. तुम्ही लिहिलंत त्यावरून हा इनरश करंट, म्हणजे चार्ज करताच सुरुवातीला उसळणारा मोठा करंट, दिसतो, पण ते रेकॉर्ड बघून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही. रेकॉर्डकडे नंतर येते. आधी हे का होतं ते समजून घेऊ, म्हणजे तिसऱ्या वेळी ट्रान्सफॉर्मर का राहिला तेही कळेल.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट २२० केव्ही बाजूला २६२ अँपिअर. नो-लोडवर तो स्थिर झाला की फक्त एखादा अँपिअर घेतो. एवढ्याशा करंटवर भागतं, कारण कोअरचं लोखंड फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, जवळजवळ फुकटात वाहून नेतं. चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचं एक पॉझिटिव्ह अर्धं सायकल फ्लक्सला उणे १.७ टेस्लापासून अधिक १.७ टेस्लापर्यंत उचलतं. म्हणजे एका अर्ध्या सायकलची उचल ३.४ टेस्ला. ही उचल व्होल्टेजने ठरते, तिच्यात सूट नसते.

ब्रेकर नेमका व्होल्टेज शून्यावर असताना क्लोज झाला असं धरा. कोअर उणे १.७ वर नाही, शून्यावर आहे. पण पुढचं अर्धं सायकल उचलणार ते ३.४ टेस्लाच. म्हणजे फ्लक्सला थेट ३.४ वर जावं लागतं. त्यात कोअरमध्ये आधीचा अवशिष्ट फ्लक्स त्याच दिशेने १ टेस्ला शिल्लक असेल तर ४.४. सिलिकॉन स्टील मात्र २ टेस्लाच्या आसपास हात टेकतं. त्यापुढे वाइंडिंगच्या दृष्टीने आत लोखंड असून नसल्यासारखंच. उरलेला फ्लक्स हवेतून आणि तेलातून ढकलायचा तर करंट फुल लोडच्या सहा-आठ पट चढतो. सहा पट धरलं तरी तुमच्याकडे शिखर २२०० अँपिअरच्या घरात जातं. एरवी एक अँपिअर घेणारा तोच ट्रान्सफॉर्मर.

आणि ब्रेकर व्होल्टेजच्या शिखरावर क्लोज झाला तर? त्या अर्ध्या सायकलचा निम्माच भाग उरलेला असतो, उचल १.७ ची, फ्लक्स शून्यावरून १.७ वर जाऊन गुमान परत फिरतो. अवशिष्ट फ्लक्स नसेल तर इनरश जवळजवळ नाहीच.

काहीही बदललं नव्हतं असं तुम्ही म्हणता, पण दोन गोष्टी दर वेळी बदलत होत्या : ब्रेकर सायकलच्या कोणत्या बिंदूवर लागला तो बिंदू, आणि मागच्या वेळी पडताना कोअरमध्ये मागे राहिलेला फ्लक्स. टेस्टिंगमध्ये वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला असेल (मोजलाच असणार), तर त्या डीसी करंटने कोअर चांगलाच चुंबकित झालेला असतो. टेस्टिंगनंतरच्याच चार्जिंगला असं होतं आणि एरवी होत नाही, ही तक्रार मला बऱ्याच ठिकाणांहून येते आणि कारण बहुतेक वेळा हेच निघतं. रेझिस्टन्स टेस्ट शेवटी ठेवू नका. ठेवलीच तर नंतर डीमॅग्नेटाइझ करा : दिशा उलटसुलट करत, दर फेरीला करंट कमी करत, शून्यापर्यंत. आजकालच्या बऱ्याच टेस्ट किटमध्ये ही सोय असते, बटण दाबायचा कंटाळा तेवढा नको.

मग डिफरन्शियल रिले, म्हणजे ब्रेकरला पडायचा हुकूम देणारं उपकरण, फसतो का? इनरश एकाच बाजूने येतो, दुसऱ्या बाजूला काहीच जात नाही. रिलेला हे आतल्या फॉल्टसारखं दिसतं. दोघांतला फरक त्याला लहरीच्या आकारावरून ओळखावा लागतो. रिलेमधून डिस्टर्बन्स रेकॉर्ड काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. इनरश असेल तर फेजची लहर शून्य रेषेच्या एकाच बाजूला दिसेल : एक अरुंद उंच शिखर, मग सायकलचा बराच भाग जवळजवळ सपाट, मग पुन्हा शिखर, आधीच्यापेक्षा किंचित बुटकं. फॉल्टची लहर दोन्ही बाजूंना भरलेली असते, असे सपाट तुकडे तिच्यात नसतात. या एकांगी आकारात सेकंड हार्मोनिक, म्हणजे १०० हर्ट्झचा भाग, भरपूर असतो. तो मूळ ५० हर्ट्झच्या साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला की रिलेने स्वतःला रोखायचं, अशी सेटिंग असते.

अडचण अशी की तीन फेजपैकी एखाद्या फेजमध्ये हे प्रमाण १५ च्या खाली घसरू शकतं, आणि त्या एकट्या फेजवर रिले ट्रिप देतो. तुमच्याकडे असं झालं का ते रेकॉर्डमध्ये फेजनिहाय बघा. तसं असेल तर क्रॉस-ब्लॉकिंग चालू करण्याचा विचार होऊ शकतो, म्हणजे एका फेजमध्ये हार्मोनिक दिसलं की तिन्ही फेज रोखायच्या. त्याची किंमत अशी की चार्ज करतानाच खरा फॉल्ट असेल तर ट्रिपला उशीर होतो. म्हणून क्रॉस-ब्लॉकिंग मोजक्या सायकलींपुरतंच ठेवावं या मताची मी आहे.

आणि एक विनंती. ब्रेकर डिफरन्शियलवर पडला की रेकॉर्ड बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा घेऊ नका. तुमच्या बाबतीत तो इनरश असेलही. पण ते तुम्हाला तिसऱ्या वेळी कळलं, आणि फॉल्ट असता तर दुसऱ्या वेळीच ट्रान्सफॉर्मर गेला असता.

प्रश्न : आमच्याकडे दोन ट्रान्सफॉर्मर एकाच बसवर (सामाईक वीजपट्टीवर) आहेत. दुसरा चार्ज केला की पहिला, जो आधीपासून शांत चालू आहे, तो घुमायला लागतो. का?

उत्तर : नव्या ट्रान्सफॉर्मरचा इनरश एकांगी, म्हणजे त्यात डीसी भाग आहे. तो करंट लाइनच्या रेझिस्टन्समधून येताना बसच्या व्होल्टेजमध्ये थोडासा डीसी घसारा पाडतो. तो बसवरच्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला मिळतो. जुन्याचा फ्लक्स त्यामुळे दर सायकलला थोडा थोडा उलट्या बाजूला सरकतो आणि काही सायकलींनी तोही सॅच्युरेशनमध्ये जातो, म्हणजे त्याचंही लोखंड हात टेकतं. म्हणूनच जुना लगेच घुमत नाही. नव्याचा आवाज उतरायला लागतो तेव्हा जुन्याचा चढतो, हे यार्डात उभं राहिलं तर नुसत्या कानांना कळतं. नेहमीच्या एकसुरी गुणगुणीऐवजी जाड, खरखरीत आवाज येतो. याला सिम्पथेटिक इनरश म्हणतात. दोघांचा इनरश मग एकमेकांच्या आधाराने रेंगाळतो, एकट्याच्या इनरशपेक्षा बराच जास्त वेळ. लाइन लांब आणि सोर्स कमजोर असेल तर जास्तच. अशा वेळी जुन्या ट्रान्सफॉर्मरचा रिलेही पडू शकतो, तेव्हा दोन्हीकडचे रेकॉर्ड तपासा.

प्रश्न : मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समुद्राखालच्या एसी केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीही जोडलेलं नसताना शेकडो अँपिअर करंट जातो असं वाचलं. हाही इनरशच का?

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ आत्ताच मिटवलेला बरा. ते शेकडो अँपिअर म्हणजे चार्जिंग करंट. केबल जोडलेली आहे तोवर तो वाहतच राहतो.

केबलचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. मधे तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा कंडक्टर, भोवती एक्सएलपीईचा (प्लॅस्टिकच्या इन्सुलेशनचा) जाड थर, त्यावर धातूचं आवरण. दोन धातू आणि मधे इन्सुलेशन, म्हणजे कपॅसिटर झाला, आणि तोही कित्येक किलोमीटर लांबीचा. २२० केव्हीच्या मोठ्या केबलचं कपॅसिटन्स किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असतं. फेज व्होल्टेज १२७ केव्ही, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ. गुणाकार स्वतः करून बघा : किलोमीटरला ८ अँपिअर येतात. ५० किलोमीटरला ४०० अँपिअर, म्हणजे सुमारे १५० एमव्हीएआर (रिॲक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणाऱ्या विजेचं माप). तेवढ्याच लांबीची ओव्हरहेड लाइन याच्या विसाव्या हिश्शाइतका घेते. आता केबलची क्षमता १००० अँपिअर धरलीत तर १२५ किलोमीटरवर, एका टोकाकडून पुरवठा असेल तर, सगळी क्षमता चार्जिंगमध्येच संपते. उपयोगी वीज न्यायला जागाच उरत नाही. म्हणून अशा केबलला रिॲक्टर, म्हणजे चार्जिंग करंटच्या उलट करंट घेणारी मोठी कॉइल, जोडतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर असलेल्या हॉर्नसी वन या पवनऊर्जा प्रकल्पाच्या २२० केव्ही केबलसाठी तर वाटेत, भर समुद्रात, फक्त रिॲक्टर ठेवायला वेगळा प्लॅटफॉर्म उभारला आहे.

केबलचा खरा इनरश वेगळा. ब्रेकर व्होल्टेजच्या शिखरावर लागला तर १८० केव्हीची एक उभी पायरी केबलमध्ये शिरते आणि मायक्रोसेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने धावते. ५० किलोमीटरवरच्या उघड्या टोकाला ती ०.३ मिलिसेकंदात पोहोचते, तिथून परतते आणि त्या टोकाचं व्होल्टेज कागदावर दुप्पट होतं. प्रत्यक्षात ब्रेकरमागची ग्रिड तेवढी पायरी देऊ शकत नाही, म्हणून आकडा कमी राहतो. पण त्याच बसवर आधीच चार्ज झालेली दुसरी केबल असेल तर ती जोराने ओतते. दोन्हींचा सर्ज इम्पिडन्स (धावत्या पायरीला होणारा विरोध) ४० ओहम धरा : १८० केव्ही भागिले ८० ओहम, म्हणजे सव्वादोन हजार अँपिअर, तेही मायक्रोसेकंदांत चढणारे. ब्रेकर व्होल्टेजच्या शून्यावर लागला तर पायरीच नाही, त्यामुळे हा धक्काही नाही.

ट्रान्सफॉर्मरचा इनरश सेकंदभर किंवा त्याहून जास्त टिकतो, केबलचा काही मिलिसेकंदांत विरतो. ट्रान्सफॉर्मरला शिखर मानवतं, केबलला शून्य. वहीत ही दोन वाक्यं अधोरेखित करून ठेवा, कारण पुढचा प्रश्न याच पेचाचा आहे.

प्रश्न : आमच्या ५० किमी समुद्री केबलला ७० टक्के कॉम्पेन्सेशनचा (चार्जिंग करंटची तेवढी भरपाई करणारा) रिॲक्टर कायम जोडलेला आहे, त्याला स्वतंत्र ब्रेकर नाही. केबल आणि रिॲक्टर एकत्रच चार्ज होतात. पॉइंट-ऑन-वेव्ह कंट्रोलर (लहरीच्या ठरावीक बिंदूवर ब्रेकर लावणारं उपकरण) शून्यावर सेट करावा की शिखरावर, यावर आमच्यात दोन गट पडले आहेत.

उत्तर : दोन्ही गटांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमचेच आकडे घेऊ. केबलचे ४०० अँपिअर, रिॲक्टरचे २८० अँपिअर. हे दोन करंट एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये, म्हणून ब्रेकरमधून जाणारा एसी करंट फक्त १२० अँपिअर, शिखर १७०. एरवी फार चांगली गोष्ट.

पण व्होल्टेज शून्यावर असताना क्लोज केलंत तर केबल खूश आणि रिॲक्टरच्या करंटमध्ये पूर्ण डीसी ऑफसेट (लहर शून्यापासून एका बाजूला सरकणं) : २८० गुणिले १.४१, म्हणजे जवळजवळ ४०० अँपिअर. केबलमध्ये हा डीसी रद्द करणारं काही नाही. एसी भाग एकमेकांना खातात, डीसी तसाच उरतो. ब्रेकरमधला करंट मग सुमारे २२५ आणि ५६५ अँपिअरच्या दरम्यान वरखाली होत राहतो आणि शून्याला शिवतच नाही. एसी ब्रेकर आर्क विझवतो तो करंट शून्यातून जाताना. शून्यच आलं नाही तर कॉन्टॅक्ट उघडतील, आर्क जळत राहील. रिॲक्टरचा रेझिस्टन्स अगदी कमी असल्यामुळे ही अवस्था काही सेकंद टिकू शकते. यालाच झिरो मिसिंग म्हणतात. कॉम्पेन्सेशन ५० टक्क्यांच्या वर गेलं की हा धोका सुरू होतो, आणि तुमचं ७० आहे.

चार्ज करतानाच एखाद्या फेजवर फॉल्ट निघाला तर पेच आणखी घट्ट होतो. फॉल्ट असलेल्या फेजचा करंट मोठा असतो, तो बहुधा शून्य ओलांडतो, ती फेज सुटते. उरलेल्या दोन निरोगी फेजमध्ये मात्र ब्रेकर अडकतो. सर्वसाधारण समज उलटा असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

माझं मत विचाराल तर तुमच्या रचनेत शिखर निवडा. रिॲक्टरला डीसी ऑफसेट येणार नाही. केबलला धक्का बसेल, पण तो मिलिसेकंदांचा आहे आणि केबलचं इन्सुलेशन, सर्ज अरेस्टर त्या हिशेबानेच निवडलेले असतात. अट एकच : अभ्यासात केबलच्या दूरच्या टोकाचं व्होल्टेज मर्यादेत दिसलं पाहिजे. ते बसत नसेल तर प्री-इन्सर्शन रेझिस्टर असलेला ब्रेकर घ्या. काही मिलिसेकंद तो रेझिस्टर मधे राहिला की डीसी आणि सर्ज दोन्ही दबतात. पुढचा प्रकल्प करताना रिॲक्टरला स्वतःचा ब्रेकर द्या. मग केबल शून्यावर, रिॲक्टर नंतर शिखरावर, आणि भांडणच मिटतं. मधल्या अवधीत केबलचे सगळे एमव्हीएआर ग्रिडवर येतात आणि व्होल्टेज चढतं, तेवढं तुमच्या बसला झेपतं का ते आधी पाहा.

कंट्रोलरवर आंधळा विश्वासही नको. ब्रेकरच्या क्लोजिंग वेळेत एक मिलिसेकंदाचा फरक पडला की ५० हर्ट्झवर १८ अंश सरकतात. थंडीत, हायड्रॉलिक प्रेशर उतरलेलं असताना, ब्रेकर बराच काळ उभा राहिल्यावर वेळ बदलते. शिवाय कॉन्टॅक्ट टेकण्याआधीच मधल्या फटीत आर्क पेटतो आणि सर्किट विजेच्या दृष्टीने तेव्हाच जोडलं जातं, त्यामुळे हिशेब कॉन्टॅक्ट टेकण्याचा नाही, आर्क पेटण्याचा करायचा. कमिशनिंगला प्रत्यक्ष लहरी नोंदवून पोल-पोल तपासा.

प्रश्न : समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरचा मोठा ट्रान्सफॉर्मर किनाऱ्यावरून केबलमार्गेच चार्ज करायचा आहे. सल्लागार रेझोनन्सबद्दल सावध करताहेत. इनरश तर काही सेकंदांत उतरतो, मग एवढी काळजी कशाला?

उत्तर : सल्लागारांचं ऐका. केबलचं कपॅसिटन्स आणि ग्रिडचं इंडक्टन्स मिळून एक नैसर्गिक फ्रीक्वेन्सी ठरते. त्याच फ्रीक्वेन्सीचा करंट आला की व्होल्टेज फुगत जातं, हाच रेझोनन्स. ढोबळ हिशेब सोपा आहे : बसच्या शॉर्ट सर्किट एमव्हीएला (ग्रिड किती मजबूत आहे त्याच्या मापाला) केबलच्या एमव्हीएआरने भागा, वर्गमूळ काढा, ५० ने गुणा. बसची पातळी ३००० एमव्हीए आणि केबल १५० एमव्हीएआर असेल तर सुमारे २२४ हर्ट्झ. तीच बस एखाद्या शटडाऊनमध्ये ६०० एमव्हीएवर आली तर ४ चं वर्गमूळ २, आणि फ्रीक्वेन्सी नेमकी १०० हर्ट्झ. १०० एमव्हीएआरचा रिॲक्टर धरला तर ती १०८ वर सरकते, म्हणजे धोका तिथेच घुटमळतो.

आणि ट्रान्सफॉर्मरच्या इनरशमध्ये सगळ्यात ठळक काय असतं? तेच १०० हर्ट्झ. इनरश उतरेपर्यंत, म्हणजे शेकडो सायकली, तो या रेझोनन्सला खतपाणी घालत राहतो. व्होल्टेज फुगतं, फुगलेलं व्होल्टेज कोअरला आणखी सॅच्युरेट करतं, इनरश रेंगाळतो. सर्ज अरेस्टर विजेच्या कडकडाटासारखे क्षणभराचे धक्के गिळायला बनवलेले असतात. सेकंदभर चालणाऱ्या अशा फुगवट्यात ते तापून निकामी होऊ शकतात. काळजी आहे ती याची.

उपाय बरेच आहेत आणि मी ते एकाच वेळी एकापेक्षा जास्त वापरते. चार्ज होणाऱ्या वाइंडिंगचे जास्तीत जास्त फेरे येतील अशा टॅपवर टॅप-चेंजर (फेऱ्यांची संख्या बदलणारा स्विच) न्या, तेवढ्यानेही फ्लक्स खाली येतो. कोअर डीमॅग्नेटाइझ करा. पोल स्वतंत्र असतील तर एक फेज तिच्या शिखरावर लावा आणि काही सायकलींनी बाकीच्या दोन, म्हणजे तोवर कोअरमधला फ्लक्स आपोआप जागेवर येतो. ग्रिड कमजोर असेल तो दिवस टाळा. आणि पुरवठा जनरेटर किंवा कन्व्हर्टरकडून (एसीचं डीसी, डीसीचं एसी करणाऱ्या यंत्राकडून) असेल, तर केबल आणि ट्रान्सफॉर्मर आधीच एकत्र जोडून व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवा. पायरीच नाही, त्यामुळे इनरशही नाही. ब्लॅक स्टार्टला (पूर्ण बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू करताना) मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

प्रश्न : या सगळ्या कटकटी डीसी केबलने संपत नाहीत का?

उत्तर : चार्जिंग करंट संपतो. डीसीमध्ये केबल एकदा भरली की भरली. म्हणूनच १९५४ साली स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गॉटलँड बेटापर्यंत सुमारे ९६ किलोमीटरची केबल डीसीवर टाकली गेली, आणि आजच्या सातशे किलोमीटरच्या वरच्या समुद्री जोडण्याही डीसीवरच आहेत. १०० किलोमीटरच्या आसपास मात्र एसीही चालतं : आयल ऑफ मॅन आणि इंग्लंड यांच्यामधली ९० केव्हीची, १०४ किलोमीटरची समुद्री केबल २००० सालापासून एसीवर आहे.

पण डीसी केबलच्या दोन्ही टोकांना कन्व्हर्टर असतात आणि कन्व्हर्टरच्या मागे ट्रान्सफॉर्मर. तो चार्ज करताना पहिल्या पत्रातला सगळा प्रकार लागू होतो. शिवाय कन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे असताना थेट जोडले तर ते डायोडमधून प्रचंड करंट ओढतील, म्हणून तिथेही आधी प्री-इन्सर्शन रेझिस्टरमधून भरतात आणि कपॅसिटर भरल्यावर रेझिस्टर बायपास करतात. तो बायपास स्विच वेळेवर लागला नाही तर रेझिस्टर जळतो, तेव्हा डीसी स्टेशनच्या कमिशनिंगला असाल तर त्या इंटरलॉकची चाचणी सगळ्यात आधी मागून घ्या.